पिन सोडवणे

मराठीत कारागिरीविषयी लिहिता येते की नाही हा वाद जुना आहे, आणि आमच्या वर्तुळात तो बहुधा नामांवर सुरू होऊन नामांवरच संपतो. अमुक वस्तूला मराठीत काय म्हणायचे? प्रतिशब्द सापडला की एक पक्ष समाधान पावतो. तो बोजड निघाला की दुसरा पक्ष हसतो. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत ही परंपरा चालत आली आहे. तिची टिंगल करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्या कोशांचा आधार आम्ही वर्गात कित्येकदा घेतलेला आहे. परंतु मध्यंतरी मोटारीच्या इंजिनावरील वायरिंगसंबंधी एक पान मराठीत लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. ते करताना नामांनी आम्हांला फारसे अडवले नाही, क्रियापदांनी मात्र आठवडाभर झुंजवले. त्या पानाची ही हकिकत. ज्यांना मोटारीचे बॉनेट उघडण्याचा प्रसंग कधी आलेला नाही अशा वाचकांनी थोडा धीर धरावा. वस्तू समजल्याशिवाय शब्दांचा तंटा कळणार नाही.

इंजिन म्हणजे लोखंड, तेल आणि आग, अशी आमच्या पिढीची कल्पना. कार्ब्युरेटरच्या काळात ती बरीचशी खरीही होती. १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे युरोपीय धर्तीचे मानक देशभर लागू झाले, पुढच्या काळात पेट्रोलच्या मोटारींतून कार्ब्युरेटर हळूहळू हद्दपार झाला, आणि इंधन केव्हा व किती फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवू लागला. संगणकाला डोळे-कान लागतात. क्रँकशाफ्ट कोठवर फिरला, इंजिनातले पाणी किती तापले, आत किती हवा आली, धुरात प्राणवायू किती उरला, हे सांगणारे सेन्सर इंजिनाच्या अंगावर जागोजागी बसवलेले असतात. प्रत्येकाकडून दोन, तीन, चार बारीक वायरी निघतात आणि एका जुडग्यात मिळतात. त्या जुडग्याला हार्नेस म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक आले आणि मोटारसायकल-स्कूटरींच्या अंगावरही हे लेणे चढले. तेव्हा आज एखाद्या फाट्यावर पंक्चर काढता काढता दुचाक्या दुरुस्त करणाऱ्या पोरासमोरही हीच बारीक वायर येऊन उभी राहते.

सेन्सर आणि हार्नेस जेथे एकमेकांना भेटतात तेथे प्लास्टिकची एक जोडणी असते. छापील पुस्तके तिला कनेक्टर म्हणतात. गॅरेजांत ती 'कपलर' आहे. कपलर हे घर मानले तर त्यात वायरी तितके कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात वायरीच्या टोकाला घट्ट बसवलेला पातळ धातूचा, बहुधा कथिलाचा मुलामा दिलेला, एक घडीव तुकडा. हे टर्मिनल; गॅरेजच्या बोलीत पिन. एका बाजूची पिन भरीव पात्यासारखी, समोरची पोकळ, आत स्प्रिंगसारखी दाबून धरणारी पट्टी असलेली. पोरे त्यांना मेल-फिमेल म्हणतात, जुने मिस्त्री नर-मादी. ह्या पिना किती लहान असाव्यात? सेन्सरच्या कपलरमध्ये ०.६४ मिलिमीटर रुंदीच्या पात्याची पिन ही नेहमीची गोष्ट आहे. तिच्यातून जाणारा संदेश कधी ५ व्होल्टांचा, तर प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत बहुधा एका व्होल्टाहूनही कमी. इतक्या क्षीण आवाजाच्या वाटेत हिरवट गंजाचा पापुद्रा आला, किंवा पोकळ पिनेची पट्टी सैल पडली, की संगणकाला ऐकू येईनासे होते. मग गाडी चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने आपली आपण सुरू होते, आणि गॅरेजात नेली की शहाण्या मुलासारखी वागते.

आमच्या गाडीने नेमके हेच आरंभले. आंबा घाटात, भर पावसात, दोन वळणांच्या मध्ये ती दोनदा मुकाट झाली. एका मोठ्या वर्कशॉपने तपासणी करून इंजिनाचा सबंध हार्नेस बदलण्याचा सल्ला दिला. त्याचा आकडा पाहून आम्ही गाडी कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवले आणि एकेका कपलरमागची वायर चिमटीत धरून अलगद हलवत गेला. क्रँक सेन्सरच्या कपलरची दुसरी वायर हलली आणि इंजिन गप्प झाले. कपलर काढून त्याने भिंगातून पाहिले. "कुणीतरी मीटरची जाड काडी खुपसलीया ह्यात, सर. फिमेल पिन फाकलीया." त्याने ती पिन बाहेर घेतली, नवी घातली, वीसेक मिनिटांत कपलर परत लावला. गाडी आजतागायत बंद पडलेली नाही. ह्या वीस मिनिटांकडे आम्ही जवळून पाहत होतो आणि तरीही नेमके काय घडले ते आम्हांला सांगता आले नसते. पिन बाहेर आली तेव्हा त्याच्या हाताने ती झाकलेली होती.

हा विद्यार्थी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी विषय घेऊन आमच्या वर्गात होता. वडिलांच्या आजारपणात तो गेला तो परत आला नाही. महाविद्यालयाच्या तक्त्यात त्याची नोंद 'गळती' ह्या रकान्यात झाली असणार. आज त्याच्या हाताखाली चार पोरे आहेत. त्याची चाळिशी उलटून गेली आहे आणि जवळचे दिसायला आता चष्मा आणि वर भिंग लागते. ०.६४ मिलिमीटरच्या धंद्यात ही साधी अडचण नाही. पोरांची नजर तीक्ष्ण आहे, पण त्यांच्या हाती वायर दिली की ती पिनेच्या नादाला लागत नाहीत. कपलरच्या मागे वायर तोडतात, दुसरा तुकडा घेतात, पीळ घालतात आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतात. हे काम त्या दिवशी चालते. पावसाळा आला की पट्टीच्या आत ओल शिरते, तांबे हिरवे पडते, इंजिनाच्या थरथरीने पीळ सैल होतो, आणि कोणीतरी कुटुंबासह कोठल्या तरी घाटात उभा राहतो. "माझे हात हायेत तोवर ठीक हाय," तो म्हणाला. "सर, तुम्ही एक पान लिहा की. मराठीतनं. भिंतीला लावतो."

मोबाइलवर असल्या दुरुस्तीच्या चित्रफिती शेकड्याने आहेत, मग पान कशाला, हा प्रश्न आम्ही विचारला. त्याचे उत्तर आम्हांला पटले. चित्रफितीत एका कपलरची पिन निघताना दिसते. समोरचा कपलर निराळा असला की पोरगा अडतो. शिवाय नेमक्या त्या क्षणी दाखवणाऱ्याचा हात आडवा येतो, आणि बोटांनी दिलेला दाब तर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका आहेत, त्या इंग्रजीत. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला त्यातली आकृती कळते. आकृतीखालच्या वाक्यात 'ओढा' म्हटले आहे की 'ओढू नका', एवढेच कळत नाही. सगळी मेख तर तेथेच आहे.

कारण कपलरच्या आत पिन नुसती खोचलेली नसते. तिच्या पाठीवर पत्र्याची एक बारीक तिरपी जीभ उभारलेली असते. पिन मागून आत सारली की जीभ दबते, आतल्या कंगोऱ्यापलीकडे गेली की पुन्हा उभी राहते, आणि मग मागे फिरायची वाट बंद. काही कपलरांत हीच गोष्ट उलट असते: पिन सपाट, आणि अडवणारे बोट कपलरच्या प्लास्टिकमध्येच घडवलेले. दोन्हींवर आणखी एक पहारा म्हणून अनेक कपलरांना वेगळ्या रंगाची एक सरकती पट्टी असते. सगळ्या पिना पूर्ण आत बसल्या असतील तरच ती जागेवर जाते. अशा स्थितीत वायर धरून खेचली तर तिघांपैकी एकाचा बळी ठरलेला: पिनेच्या मानेतून वायर निसटते, किंवा जीभ वाकडी होते, किंवा प्लास्टिकचा कंगोरा तुटतो. कंगोरा तुटला की तो कपलर कोणतीही पिन धरीत नाही. इंजिनाजवळच्या उष्णतेने जुने प्लास्टिक बिस्किटासारखे झालेले असते, हे वेगळेच.

पान लिहायला आम्ही गॅरेजातच बसलो. एका उलट्या डब्यावर आम्ही, समोर बाकावर तुटकी कपलरे, चारही पोरे कामातून डोकावणारी. मथळ्यापासूनच वाद. पोरांच्या तोंडी 'पिन काढणे' होते. काढणे हे मराठीतले फार उदार क्रियापद आहे: दूध काढतात, चित्र काढतात, फोटो काढतात, गळू काढतात, कर्ज काढतात. इतक्या सगळ्यांना पुरणारे क्रियापद हाताला काहीच सांगत नाही. 'काढ' म्हटले की पोरगा ओढतो. आमच्या विद्यार्थ्याने काम करताना जे म्हटले होते ते आम्ही टिपून ठेवले होते: "ओढायची न्हाई. सुटू द्यायची." सुटणे. गाठ सुटते, गणित सुटते, कोडे सुटते. सुटते ती अडकलेली गोष्ट, आणि ती कशाने अडकली हे कळल्यावाचून सुटत नाही. मथळा झाला 'पिन सोडवणे'. मथळ्यातच पोराला प्रश्न पडतो की ही कशात अडकली आहे, आणि निम्मे काम तेथेच होते. इंग्रजीत ह्या कृतीला जे शब्द आहेत त्यांपेक्षा हा शब्द आम्हांला अधिक नेमका वाटतो. हा भाषाभिमान समजला गेला तरी हरकत नाही.

नामांचे तंटे त्या मानाने पटापट मिटले. सेन्सर, हार्नेस, कपलर हे आहेत तसेच राहिले. शालेय विज्ञानात बॅटरीच्या टर्मिनलला 'अग्र' म्हणतात, धन अग्र आणि ऋण अग्र. बॅटरीपुरता तो शब्द पोरांना ठाऊकही होता, पण कपलरमधल्या तुकड्याला ते अग्र म्हणेनात. पिन ती पिनच. आमचे काही मित्र ह्यावर नाराज होतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की चावी आणि बिजागरी हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले आहेत आणि त्यांवाचून मराठी घराचे दार लागत नाही. वस्तू परगावाहून येते तेव्हा आपले नाव बरोबर घेऊन येते. तिच्याशी हात काय करतो हे मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत ठरते, आणि ते तिला कोणी बाहेरून पाठवू शकत नाही.

पत्र्याच्या जिभेला पोरे 'आकडी' म्हणत होती. मराठवाड्यातून आलेल्या एकाने हरकत घेतली: "आकडी येती माणसाला." घरात त्याने फेफरे पाहिलेले असावे, आम्ही अधिक विचारले नाही, 'जीभ' हा शब्द सर्वानुमते घेतला. प्लास्टिकमधल्या अडवणाऱ्या भागाला 'बोट' म्हटले. सरकत्या पट्टीला कोणी 'लाल पट्टी' म्हणे, पण ती कधी पिवळी असते, कधी पांढरी, कधी निळी. आम्ही 'अडसर' सुचवला. शहरात वाढलेल्या दोघांना तो ऐकून ठाऊक नव्हता. ज्याच्या गावच्या घराला अजून लाकडी दार आहे त्याने हाताने दाखवले, दार लावले, आडवा दांडा सरकवला. दार पुरते लागल्याशिवाय अडसर सरकत नाही, आणि अडसर सरकवल्यावाचून दार सुरक्षित नाही. पट्टीचे काम ह्याहून अधिक खुलासेवार सांगता येणार नाही. घरांतून नाहीसा होत चाललेला एक शब्द ०.६४ मिलिमीटरच्या जगात कामाला लागला, ह्याचे आम्हांला जरा अप्रूप वाटले.

मग कृती. ती पानावर अशी उतरली: बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडून ठेवावी. कपलर त्याची कडी दाबून अलग करावा, वायरी धरून खेचू नये. अडसर सरकवावा, सबंध उपटू नये. मग वायर किंचित पुढे द्यावी, म्हणजे कंगोऱ्याला टेकलेल्या जिभेवरचा भार उतरतो. ह्या पायरीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि पिन निघत नाही म्हणून पुढची सगळी मारामारी होते. कपलरच्या तोंडाशी पिनेच्या भोकालगत आणखी एक बारीक खाच असते. तीत योग्य जाडीची पाती घालून जीभ दाबावी, आणि दाब कायम ठेवून वायर मागून हलकेच घ्यावी. ती आली नाही तर जोर वाढवू नये. पाती काढून पुन्हा खाच पाहावी. काही कपलरांत, विशेषतः जुन्या अमेरिकन बनावटीच्या काहींत, वायर मागून ओवून पुढे काढलेली असते, तेथे पिन चेपलेली असते आणि मग वायर मागे खेचून पिन घरात बसवलेली असते. ती सोडवताना पुढे सारावी लागते. मागे ओढणारा तेथे आयुष्यभर ओढत बसेल.

'ओवणे' हे क्रियापद पोरांपैकी एकाच्या तोंडून आले, आणि ते पानावर दोन ठिकाणी लागले. पाण्यापासून बचाव म्हणून प्रत्येक वायरीवर एक रबरी बोंडूक असते. ते पिन चेपण्यापूर्वीच वायरीवर ओवावे लागते. मागून घालू म्हटले तर पिनेची धार त्या रबराला चिरते. फुले ओवणाऱ्याला क्रम शिकवावा लागत नाही. 'आधी रबर ओवा' हे तीन शब्द वाचल्यावर त्या पोरांनाही तो शिकवावा लागला नाही.

आता जी कृती इंग्रजीत 'क्रिम्प' ह्या एका शब्दात मावते ती. पिनेच्या मागच्या भागाला पत्र्याच्या पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी सोललेल्या तांब्याच्या तारांना धरते, मागची वायरीच्या आवरणाला, रबर असेल तर रबराच्या मानेला. खास पकडीच्या जबड्यात पंख वरून वळतात, मध्यभागी एकमेकांना भेटतात आणि दोघे मिळून तारांच्या जुडीत खाली शिरतात. आडवा छेद घेतला तर तो पालथ्या पडलेल्या इंग्रजी 'बी' अक्षरासारखा दिसतो. दाब बेताचा असेल तर तारांमधल्या फटी मिटतात, तांबे तांब्याला आणि पत्र्याला असे भिडते की मध्ये हवेलाही वाव राहत नाही, आणि हवा नाही तेथे गंज नाही. दाब कमी पडला तर वायर निसटते. जास्त झाला तर तारा कापल्या जातात, आणि असा जोड वरून अगदी उत्तम दिसतो. ही युक्ती मोटारींच्या धंद्यात पसरली ती फार पुढे. १९४१ साली अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी सुरू केलेल्या, पुढे एएमपी ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने विमाने आणि जहाजे यांसाठी डाग न देता दाबून बसवायची टर्मिनले करायला घेतली होती. डाग देण्याची सवय आमच्याकडच्या जुन्या वायरमनांत अजून आहे, आणि रेडिओच्या पेटीत ती शोभतेही. इंजिनावर मात्र वितळलेले कथील तारांच्या आतून वर चढते, तेवढी वायर काडीसारखी ताठ होते, आणि जेथे ताठपणा संपतो तेथे ती थरथरीने मोडते.

ह्या कृतीला पोरे 'मारणे' म्हणत. पिन मार. हे क्रियापद काढणेच्याही पुढे गेलेले आहे: ब्रेक मारतात, किक मारतात, हवा मारतात, पाना मारतात, रंग मारतात, गप्पाही मारतात. कारागिरांची भाषा नेहमी नेमकी असते असा एक भाबडा समज साहित्याच्या अभ्यासकांत आढळतो. आम्हांला तो मान्य नाही. घाईत वाढलेली गॅरेजची बोली एका क्रियापदावर दहा कामे भागवते आणि त्याची किंमत वायर मोजते. 'दाबणे' जिभेसाठी खर्च झाले होते. तेच येथे वापरले तर पोरगा पिन नुसती सपाट करणार. 'आवळणे' जवळचे होते, पण आवळतात ती दोरी, आणि आवळलेले पुन्हा सैल होते. 'कवळणे' हा शब्द चालणार नाही हे ठाऊक असूनही तो उच्चारून पाहण्याचा मोह आम्हांला झाला. आमचा विद्यार्थी हसला. "सर, तो तुमच्या वर्गात र्‍हाऊ दे." शेवटी 'चेपणे' ठरले. त्यात माप आहे: पाय चेपणाऱ्याला किती जोर द्यायचा ते कळावे लागते, नाहीतर सासरा ओरडतो. शिवाय त्यातून नाम निघाले. चेप कमी, चेप जास्त. दुसऱ्या दिवशी एक पोरगा दुसऱ्याला "चेप बघ की आधी" असे म्हणताना आम्ही ऐकले. तोवर पान छापलेलेही नव्हते.

चांगल्या चेपाच्या खुणा आम्ही एकेका ओळीत लिहिल्या. वायर तांदळाच्या दाण्याएवढी सोलावी, पिन मोठी असेल तर थोडी अधिक. एकही तार तुटू नये. पुढच्या पंखांच्या पुढे तारांची टोके जराशी डोकावलेली दिसावीत, आणि दोन्ही जोड्यांच्या मधल्या खिडकीत तांबे व आवरण दोन्ही दिसावे. पंखांच्या मागच्या कडेला कर्ण्यासारखा किंचित फाकलेला ओठ असावा, म्हणजे धार तारांना कापत नाही. मग पिन कपलरमध्ये सारावी, टक् असा आवाज येईपर्यंत, आणि नंतर ओढून बघावी.

येथे एका पोराने आम्हांला पकडले. वर मोठ्या अक्षरांत 'ओढू नका', आणि खाली 'ओढून बघा'? शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर व्याकरणात होते. संयुक्त क्रियापदांचा तास आम्ही अनेक वर्षे घेत आलो आहोत: ओढणे, ओढून काढणे, ओढून बघणे. मूळ धातू तोच; सहायक क्रियापद बदलले की हाताचा जोर बदलतो. 'ओढून बघ' म्हटल्यावर कोणीही मराठी माणूस वायर तोडीत नाही. तो दोन बोटांनी ओढतो आणि थांबतो. जुनी उदाहरणे देताना वर्गाचे लक्ष खिडकीबाहेर असे. येथे चौघेही ऐकत होते, कारण त्यांतल्या एकाच्या हातात वायर होती. 'बघणे'ने जोर कमी होतो हे त्याने आम्हांला लगेच करून दाखवले.

एक गोष्ट पानावर नाही, पण सांगण्याजोगी आहे. गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेल्या परतीच्या तारेला गॅरेजात 'अर्थ' म्हणतात, इंग्रजीतला. तेव्हा "ह्या सेन्सरला अर्थच मिळत न्हाई" हे वाक्य दिवसातून चारदा कानी पडते. पहिल्यांदा आम्ही मनातल्या मनात हसलो. तिसऱ्यांदा ते आम्हांला समीक्षेच्या निम्म्या पुस्तकांहून स्पष्ट वाटू लागले. आमच्या विद्यार्थ्याला ही कोटी जुनीच ठाऊक होती. दुसऱ्या वर्षापर्यंत का होईना, तो मराठीचा विद्यार्थी होता.

त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदारांच्या कामांची आणि हक्कांची त्यांतली वर्णने वाचताना आजही जाणवते ते हे की लिहिणारा त्या त्या धंद्याच्या शब्दांत शिरलेला आहे. त्याच्याही कितीतरी आधी नरहरी सोनाराने आणि सेना न्हाव्याने आपल्या धंद्याची भाषा अभंगात आणली. आम्ही मराठीचे प्राध्यापक ह्या दोन्हींचे दाखले वर्गात देतो आणि श्रमाची भाषा साहित्यात यावी असे म्हणतो. परंतु आजचा सोनार, आजचा न्हावी किंवा आजचा वायरमन ह्याला त्याच्या कामासाठी लिहिलेले मराठी पान हवे असते तेव्हा ते कोणी लिहायचे, हा प्रश्न आमच्या अभ्यासमंडळांच्या बैठकीत कधी आलेला आम्हांला आठवत नाही. 'व्यावहारिक मराठी'ची प्रश्नपत्रिका आहे. तीत वृत्तान्तलेखन आहे, अर्ज आहे, जाहिरात आहे. कृती लिहून दाखवा, असा प्रश्न असला तर तो पाककृतीचा. परिभाषा कोशांनाही आमचा दोष एवढाच की ते नामांचे आहेत. टर्मिनलला काय म्हणावे ते कोश सांगेल. पिन ओढावी, उपटावी, काढावी की सोडवावी हे तो सांगणार नाही, आणि कपलर वाचतो किंवा तुटतो तो ह्या चार क्रियापदांच्या फरकाने.

पान आता गॅरेजच्या भिंतीला, स्विचबोर्डच्या शेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात लावलेले आहे. मराठवाड्यातला पोरगा दिवाळीनंतर गावाकडे स्वतःचे दुकान टाकणार आहे. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन ठेवला आहे. मोडक्या कपलरांच्या डब्यात आमच्या विद्यार्थ्याने त्यांना रोज दहा पिना सोडवायला आणि दहा चेपायला लावले आहे, आणि चेपलेली पिन ओढून बघायचे काम त्याने स्वतःकडे ठेवले आहे. तेवढ्याला भिंग लागत नाही.

एका शब्दावर मात्र अखेरपर्यंत एकमत झाले नाही. खाचेत पाती गेली, जीभ दबली, हे बोटांना कळते तो क्षण. आवाज होत नाही. काही दिसत नाही. पातीच्या टोकाशी असलेला विरोध एकदम नाहीसा होतो, इतकेच. आम्ही 'जीभ दबल्याचे जाणवले की' असे लिहिले. पोरांना ते कळले, पण कोणालाच आवडले नाही. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, तिनं मान टाकली की, असं लिहा." जिभेला मान कशी असेल, रूपकांची ही सरमिसळ आहे, अशी आम्ही रीतसर हरकत घेतली. तो ऐकून घेतल्यासारखे करून पुन्हा पिनेकडे वळला. आमचे वाक्य छापून भिंतीवर गेले, आणि आठवड्याने आम्ही गेलो तेव्हा त्यावर बॉलपेनाने रेघ मारून कोणीतरी वर लिहिले होते: मान टाकली की. अक्षर कोणाचे ते आम्ही विचारले नाही, आणि दुसरी प्रत काढली तीत तेच छापून घेतले.